रंकाळा म्हण

पहाटे ४.४५

डोव्हरला जूनमध्ये रात्र नावापुरती असते. पडद्याच्या फटीतून उजेड डोळ्यांवर आला तेव्हा पावणेपाच झाले होते. उठून आधी खिडकीतून वारा पाहिला. बंदराच्या भिंतीच्या आत पाणी सपाट होतं. भिंतीबाहेर लाटांना पांढरे शेंडे आले होते आणि त्यांतून एक फेरीबोट कॅलेच्या दिशेनं वळत होती.

शेजारच्या पलंगावर ती झोपली होती. पांघरूण पायथ्याशी ढकललेलं. एकोणीस वर्षांची, कोल्हापूरची. गेलं वर्षभर ती अशीच झोपते, गार पाण्यानं आंघोळ करते, डिसेंबरातसुद्धा स्वेटर घालत नाही. यातलं अर्धं मी सांगितलेलं, अर्धं तिनं स्वतःच्या मनानं वाढवलेलं.

आजचा शनिवार तिच्या सहा तासांचा. इंग्लिश खाडी पोहायची तर त्याआधी १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहल्याचा दाखला द्यावा लागतो. अंगात साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी, एक चष्मा. अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख चालत नाही. तिची खाडीची पाळी ऑगस्टमधल्या भांगाची आहे. आपल्या कोकणात अमावास्या-पौर्णिमेच्या जोरदार भरतीला उधाण म्हणतात आणि सप्तमी-अष्टमीच्या आसपासच्या मवाळ भरतीला भांग. इथले पायलट बोटवालेही पोहणाऱ्यांसाठी बहुतेक भांगाचेच दिवस धरतात. तेव्हा पाणी १७-१८ अंश असेल, पण सहा तास नव्हे, बारा-पंधरा तास काढायचे असतील.

अंतराची मला काळजी नाही. डोव्हरपासून फ्रान्सच्या काप ग्री-नेपर्यंत सरळ रेषेत ३३ किलोमीटर. प्रवाह आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे ओढतो, त्यामुळे प्रत्यक्ष वाट नागमोडी आणि लांब होते, हे खरं. पण धरमतर ते गेटवे ही आपल्याकडची वाटही साधारण तेवढीच, आणि ती गेल्या हिवाळ्यात पोहून आली आहे. तिथं पाणी पंचवीस-सव्वीस अंश होतं, इथं सध्या चौदाच्या आसपास. बारा अंशांचा हा फरक पायांत नाही, हातांत नाही, डोक्यात पोहोचतो. तोच तिला शिकवायला मी इथं आले आहे.

सकाळी ६.००

ओट्सची लापशी, त्यात चमचाभर तूप आणि काकवी. काकवीची बाटली तिच्या आईनं कपड्यांच्या चार घड्यांत गुंडाळून दिली होती. फुटली असती तर सगळी बॅग चिकट झाली असती, पण फुटली नाही.

तिचे आजोबा तालमीतले. त्यामुळे नातीचं वजन वाढवायचं आहे असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. खुराक म्हणजे काय ते त्यांना मी काय सांगणार? बदाम, दूध, तूप, अंडी, सगळं वेळच्या वेळी सुरू झालं. वर्षभरात नऊ किलो वाढले. नावं ठेवली ती गल्लीनं. पोहणारी पोरगी सडपातळ हवी ना, मग ही अशी कशी? लग्नाचं वय झालं, आणि हिला फुगवताय? आईला हे ऐकावं लागलं, आणि तिनं ते एकदाही मुलीच्या कानावर जाऊ दिलं नाही. मला फोनवर सांगायची, आवाज खाली करून.

चरबी हे या खेळातलं पांघरूण आहे. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. त्या ओढीला कातडीखालचा तो थर अडवतो आणि सतत हलणारे स्नायू आतून उष्णता तयार करत राहतात. तलावातला वेगवान, कोरीव अंगाचा पोहणारा इथं तासाभरात निळा पडतो आणि सुटलेल्या अंगाची पन्नाशीची बाई पाच तास शांतपणे हात मारत राहते. हे मी याच किनाऱ्यावर कितीदा पाहिलं आहे.

ती खाताना बोलत नव्हती. मीही बोलले नाही.

सकाळी ७.१५

बॅग भरणं हे माझं काम. टॉवेल दोन, लोकरीची टोपी, मोजे, सैल कपडे. घट्ट जीन्स किंवा बटणांचा शर्ट कधीच नाही, कारण बधिर बोटांना बटण लागत नाही. सगळे कपडे घालायच्या क्रमानं रचलेले, वरचा कपडा सगळ्यात वर. दोन थर्मास. माल्टोडेक्स्ट्रिनची पूड, फळाचा गोड अर्क, काकवी. व्हॅसलीनचा डबा आणि रबरी हातमोजे. वही, पेन्सिल, पाण्याचा थर्मामीटर.

तिकडे घरी आम्ही प्लॅस्टिकच्या टाकीत बर्फाच्या लाद्या टाकून बसायचो. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला आणि लोकांना वाटलं, झाली की तयारी. टाकीनं एक गोष्ट नक्की होते. थंड पाण्यात शिरताच माणूस जो मोठ्यानं श्वास ओढतो, मग धापा टाकायला लागतो, छाती धडधडते, ती पहिल्या दोन-तीन मिनिटांची दचक सवयीनं कमी होते. पोर्ट्समथ विद्यापीठाच्या माइक टिप्टन यांनी याच दचकेवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. थंड पाण्यातल्या दोन-दोन, तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनीही ती बरीच खाली येते. बुडणाऱ्यांतले कितीतरी लोक गारठून नव्हे, त्या पहिल्या श्वासात पाणी ओढून जातात. तेव्हा टाकी वाया गेली नाही.

पण टाकी पाचवा तास शिकवत नाही. टाकीत माणूस बसलेला असतो, पोहत नसतो, आणि बाहेर पडायची शिडी हाताशी असते. पाचवा तास शिकायला समुद्रच लागतो. आम्ही मेच्या मध्याला इथं पोहोचलो तेव्हा पाणी ११ अंश होतं. पहिल्या दिवशी तिला बारा मिनिटांत बाहेर काढलं. ती रडली होती, दुखण्यानं नाही, अपमानानं. कळंब्याच्या तळ्यात आणि पंचगंगेत वाढलेली मुलगी, बारा मिनिटांत! मग वीस मिनिटं, पस्तीस, एक तास. एक दिवस सोडून एक दिवस. गेल्या दोन शनिवारी चार-चार तास.

सकाळी ८.३०

किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. तळव्यांना चांगलेच लागतात. उजवीकडे प्रिन्स ऑफ वेल्स पिअर, डावीकडे फेरीबोटींचा धक्का, मागं किल्ला आणि पांढरे कडे. हवेला डिझेलचा वास. समुद्रकिनारा म्हटलं की डोळ्यांपुढे येतं तसं यात काही नाही, पण खाडी पोहू पाहणाऱ्यांना हीच शाळा. रस्त्यावर कॅप्टन मॅथ्यू वेब यांचा अर्धपुतळा आहे. १८७५च्या ऑगस्टमध्ये २१ तास ४५ मिनिटं पोहून ते पलीकडे पोहोचले. आमची मुलगी रोज त्याच्याजवळून जाते आणि रोज एकदा त्याच्याकडे बघते. नमस्कार करत नाही, पण चाल जरा मंदावते.

मला या किनाऱ्यावर आठवण होते ती मात्र फ्रीडा स्ट्रीटर यांची. त्यांची मुलगी ॲलिसन ४३ वेळा खाडी पोहली, हे सगळे सांगतात. पण आई वर्षानुवर्षं दर शनिवार-रविवार याच गोट्यांवर उभी राहून कुणाच्या कुणाच्या मुलांना पाण्यात पाठवत, पाजत आणि बाहेर काढत राहिली. इथली शिस्त त्यांच्या हातची आहे. पाण्यात जाण्याआधी वहीत नाव आणि वेळ लिहायची. पहिले दोन तास काही मिळणार नाही, मग दर तासाला एक पेला. किनाऱ्यावरच्यांनी बाहेर ये म्हटलं की यायचं, वाद नाही.

मी हातमोजे चढवून तिला व्हॅसलीन लावलं. मानेला, काखेत, पोशाखाच्या पट्ट्यांखाली. यानं ऊब येते असा बऱ्याच जणांचा समज आहे. ऊब येत नाही. खारट पाण्यात तासन्‌तास कातडीवर कातडी घासून सालटं निघतात, ती वाचतात, एवढंच.

"ताई, आज होतंय की ओ," ती म्हणाली.

"होईल. आणि मी बोलावलं तर?"

"येतो."

कोल्हापुरी मुली 'येतो' म्हणतात. या 'येतो'वर मी सगळी भिस्त ठेवून होते.

सकाळी ९.००

पाणी १४.२. वहीत लिहिलं. बावीस जण गेले, रंगीत टोप्यांची एक माळ पसरली. ती गुडघ्यांपर्यंत थांबली, मनगटं भिजवली, मानेवर पाणी मारलं आणि सरळ पुढं झुकली. श्वास अडकला नाही. मी पहिल्या मिनिटाचे हात मोजले, ६४.

सकाळी ९ ते ११

हे दोन तास किनाऱ्यावरच्यांना मोकळे वाटतात. ते मोकळे नसतात. बंदराच्या आतच, किनाऱ्याला समांतर ती जाते आणि येते. समोरून गेली की मी मिनिटभर हात मोजते. कोपर किती उंच येतं, श्वासाला मान किती वळते, फेरी सरळ आहे का, हे सगळं तिच्या गरम अंगाचं आत्ताच डोळ्यांत भरून ठेवायचं असतं. नंतर जे बिघडेल ते याच्याशी ताडून बघायचं.

आपल्या भाषेत थंडीला किती शब्द आहेत! शिरशिरी, काकडणं, हुडहुडी, कुडकुडणं, गारठणं, बधिर होणं, आखडणं. इथं उभं राहून मला कळलं की हे नुसते पर्याय नाहीत, पायऱ्या आहेत. शिरशिरी पाण्यात जाताना. काकडणं अर्ध्या तासानं, आणि ते पुष्कळदा निघूनही जातं. मग बोटं बधिर होतात, हात आखडतात, पाचही बोटं फाकतात आणि पंजा जवळ येत नाही. कुडकुडणं असतं तोवर बरं, शरीर भांडत असतं. ज्याची भीती धरायची त्या पायरीला मात्र मला मराठीत शब्द सापडत नाही. तिथं थंडी वाजायचीच थांबते.

मी त्या पायरीवर एकदा उभी होते. चोवीस वर्षांपूर्वी, याच खाडीत, अकराव्या तासाला. मला आठवतं ते असं की मी छान पोहत होते, पाणी कोमट झालं होतं आणि फ्रान्सचा किनारा अगदी जवळ आला होता. बोटीवरच्या नोंदीत वेगळंच आहे. हात मिनिटाला ६२वरून ४५ झालेले, बोटीपासून दोनदा दूर भरकटले, आणि शेवटची चाळीस मिनिटं मी माझ्या वारलेल्या आजीशी बोलत होते. मला वर ओढलं तेव्हा मी ओढणाऱ्याच्या हाताला चावले. ते मला आठवत नाही. त्याच्या मनगटावरचे दात मी दुसऱ्या दिवशी पाहिले आणि त्याच्या पाया पडले. त्या साहेबाला ते का, हे समजलं नसावं.

थंडी आधी हात-पाय नेते असं लोक समजतात. त्याच्याही आधी ती माणसाचा स्वतःविषयीचा निवाडा नेते. मी ठीक आहे की नाही, हे सांगणाराच बिघडलेला असतो. म्हणून निकाल किनाऱ्यावर सोपवून पाण्यात जाणं, हा या शिक्षणाचा सगळ्यात अवघड धडा आहे. बाकी सगळं मेहनतीनं येतं.

सकाळी ११.००

पहिला पेला. पोहणारे कमरेइतक्या पाण्यात येऊन उभे राहतात, पुरते बाहेर येत नाहीत. आम्ही बूट घालून पुढं जातो. पाणी कोमट हवं, गरम नाही, आणि ते तीस-चाळीस सेकंदांत संपलं पाहिजे, कारण थांबलेलं अंग झपाट्यानं निवतं.

इथले स्वयंसेवक प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलतात. जीभ जड झाली आहे का, उत्तर उशिरा येतं का, ते ऐकतात. पण आमच्या मुलीचं इंग्रजी मुळातच अडखळतं. गारठलेल्या इंग्रजीत आणि लाजऱ्या इंग्रजीत त्यांना फरक कळणार कसा? म्हणून पहिल्याच आठवड्यात मी दोन खुणा ठरवल्या. एक, तेराचा पाढा, मधूनच कुठूनही. दुसरी, एक शब्द, तिच्या कोल्हापूरच्या तलावाचं नाव.

"तेरा चोक?"

"बावन्न."

"रंकाळा म्हण."

"रंकाळा," ती म्हणाली आणि पेला माझ्या हातात कोंबून निघाली.

'ळ' म्हणायला जिभेचं टोक मागं वळून टाळूला लागावं लागतं. थंडीनं जबडा ताठला की सगळ्यात आधी तो ळ जातो. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही. या चार आठवड्यांत तिच्याच तोंडून ऐकलं आहे. त्यासाठी कान मराठी लागतो. मला वाटतं, १९५८ला मिहिर सेन आणि १९५९ला आरती साहा या पाण्यात होते तेव्हा त्यांच्याशी बंगालीत बोलणारं कुणी बोटीवर असलं पाहिजे होतं. मुंबईचे तारानाथ शेणॉय ऐकू न येताही खाडी पोहून गेले. त्यांच्या बोटीवरच्यांनी काय काय खुणा योजल्या असतील, हा विचार मी इथं उभी राहून अनेकदा केला आहे.

दुपारी १२.००

तेरा सत्ते एक्क्याण्णव. रंकाळा. हात ६१. ओठ निळसर, पण ते सगळ्यांचेच. एकजण बाहेर आला, खांद्याच्या दुखण्यानं.

दुपारी १.००

चार तास झाले. इथपर्यंत तिचा अनुभव आहे, यापुढं तिला नवीन प्रदेश. ठरल्याप्रमाणे आज कोमट पाण्यात काकवी. तिनं एक घोट घेतला आणि चष्म्यामागं डोळे मिटले. घरची चव. मला वाटलं, चूक केली का? आठवण माणसाला मऊ करते. पण ती म्हणाली, "भारी हाय," आणि पाढा न अडखळता म्हटला. रंकाळ्यातला ळ थोडा सैल होता. हात ५८.

ऊन गेलं होतं. वारा पूर्वेकडे फिरला आणि बंदराच्या आतही बारीक लाटा उठायला लागल्या. पाणी १४.१. आकड्यात फरक नाही, पण डोक्यावरचं ऊन गेलं की पाठ थंड होते, आणि लाटेत प्रत्येक श्वासाला जास्त कष्ट.

दुपारी २.००

ती येताना मी पाहिलं की ती माझ्याकडे येत नव्हती, माझ्या डावीकडे वीसेक फूट दुसऱ्याच बाईकडे जात होती. हाक मारली तेव्हा वळली.

पेला तिला एका हातात धरता येईना. दोन्ही पंजांमध्ये धरला, अर्धा सांडला.

"तेरा सक?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी मनात मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच.

"अठ्ठ्याहत्तर."

बरोबर होतं. उशिरा, पण बरोबर.

"रंकाळा म्हण."

"रंकाला."

पाच तास खारट पाणी तोंडात गेलं की जीभ सुजते, तेव्हाही उच्चार बिघडतो. ते मीठ की थंडी, हा निवाडा मलाच करायचा होता. थर्मासमधलं साधं कोमट पाणी दिलं, चूळ भरायला लावली.

"पुन्हा म्हण."

"रंकाला," म्हणाली आणि हसली. पाण्यात ती कधीच हसत नाही.

"अंगठा करंगळीला लाव."

अंगठा निघाला आणि मधल्या बोटापाशी थांबला.

मी किनाऱ्याच्या प्रमुख बाईंकडे पाहिलं. सत्तरीच्या आहेत, बोलतात कमी. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एक बोट वर केलं. एकच फेरी, आणि आपल्यासमोरच. मी तिला सांगितलं, भिंतीपर्यंत जायचं नाही, इथंच माझ्यापुढं फिर. ती गेली.

ते एक बोट वर झालं तेव्हा मला आनंद झाला होता, हे मी इथं लिहून ठेवते. अजून एक तास फक्त. तिच्या आईचं तोंड, आजोबांचं तोंड, उसनवारीनं उभे केलेले पैसे, हे सगळं मला त्या एका बोटात दिसलं. माझं डोकं थंडीनं बिघडलेलं नव्हतं आणि तरी मला हवं ते दिसत होतं. बारा मिनिटं मी स्वतःशी भांडत हात मोजले. ५२. ५०. ४८. डावा हात पाण्यात शिरताना नुसता पडत होता, पाणी पकडत नव्हता. पाय खाली गेले होते.

दुपारी २.१२

मी कमरेइतक्या पाण्यात शिरून हाक मारली. ती थांबली.

"चल बाहेर."

"का?"

"झालं आजचं."

"आत्ताच आलो की ओ ताई. पयलाच तास हाय."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबात खरंच पहिलाच तास होता. तिनं पुन्हा पाण्यात तोंड घातलं.

खाडी पोहताना बोटीवरच्या कुणी पोहणाऱ्याला स्पर्श करायचा नाही, बोटीलाही हात लागायचा नाही. स्पर्श झाला की पोहणं तिथंच संपलं. सरावात असा नियम नाही, पण तिला तो पक्का माहीत आहे आणि मलाही. मी पुढं झाले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती उभी राहिली. चष्म्यातून माझ्या हाताकडे बघितलं. नंतर काहीच बोलली नाही, आणि ते न बोलणं मला आणखी काही वर्षं पुरेल.

गोट्यांवर पाय ठेवताच ती गुडघ्यांवर आली. दोघींनी धरून वर आणलं.

दुपारी २.१५ ते ३.१५

बाहेर आलं म्हणजे संपलं नाही. पाण्यातून निघाल्यावरही दहा मिनिटांपासून अर्ध्या-पाऊण तासापर्यंत आतलं तापमान घसरतच राहतं. बाहेरचं थंड मांस आतली ऊब ओढत राहतं आणि हातापायांतलं गार रक्त परतून येतं. पाण्यात चांगला दिसलेला माणूस किनाऱ्यावर कोसळतो तो या वेळात. म्हणून घाई हवी, पण योग्य घाई. वाऱ्याच्या आडोशाला बसवलं. ओला पोशाख उतरवला, टॉवेलनं टिपलं, चोळलं नाही. आधी छातीवर कोरडे कपडे, डोक्यावर लोकरीची टोपी, मग पाय. चालायला लावलं नाही. गरम पाण्याखाली उभं करणं तर मुळीच नाही. त्यानं कातडीतल्या शिरा उघडतात, रक्तदाब खाली येतो आणि माणूस आडवा होतो. कानातला थर्मामीटर कुणीतरी पुढं केला, तो प्रमुख बाईंनी बाजूला सारला. पाच तास थंड पाणी गेलेल्या कानातला आकडा काय खरा मानायचा?

आधी ती स्तब्ध होती. तेवढी सात मिनिटं सगळ्यात वाईट. मग दात वाजायला लागले, मग खांदे, मग सगळं अंग, इतकं की तिच्या मागची खुर्ची गोट्यांवर खडखडत होती. मला इतकं बरं वाटलं! पेला अर्धाच भरला, कारण हात हलतात, आणि तिच्या ओठांशी मीच धरला.

तीनच्या सुमारास तिनं विचारलं, "किती झालं?"

"पाच तास बारा मिनिटं."

"म्हंजे झालं न्हाई."

"नाही."

मग ती रडली. मी तिला जवळ घेतलं आणि काही समजावलं नाही. तिच्याबरोबर उतरलेल्यांपैकी चौघे सहा तास पुरे करून तेव्हाच बाहेर येत होते, लोक टाळ्या वाजवत होते. तिनंही टाळ्या वाजवल्या, मोजे घातलेल्या हातांनी, आवाज न होणाऱ्या.

सव्वातीनला, मी न विचारता, मान खाली घालूनच ती म्हणाली, "रंकाळा."

ळ अगदी खणखणीत होता.

संध्याकाळी ६.३०

दोन तास झोपली. उठल्यावर वरणभात, त्यावर तूप, बटाट्याची भाजी. जीभ खारानं सोललेली, म्हणून तिखट नाही.

खाताना विचारलं, पाण्यात शेवटी काय वाटत होतं? ती बराच वेळ आठवत राहिली. म्हणाली, "लई छान वाटत हुतं. म्हणून तुमचा राग आला." मग थोड्या वेळानं, "दोनचा पेला मला आठवतच न्हाई." तेव्हा मी तिला माझ्या अकराव्या तासाची गोष्ट सांगितली. आजीची, आणि दातांचीही. इतकी वर्षं ती मी कुणाही पोहणाऱ्याला सांगितली नव्हती. मला वाटायचं, त्यानं त्यांचा धीर जाईल. तिनं घास तसाच हातात धरून सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग पुन्हा पोहला का न्हाई?" पोहले, दोन वर्षांनी, आणि पलीकडे पोहोचले. ते मी लवकर आटपलं. तिला जे हवं होतं ते आधीच्या भागात होतं.

जेवून समुद्राकडे चक्कर मारली. व्हाईट हॉर्स नावाचा जुना पब आहे, त्याच्या भिंतींवर खाडी पार केलेल्यांनी सह्या केल्या आहेत. आत गेलो नाही. पुण्याच्या रोहन मोरेंनी २०१८ साली लांब पल्ल्याच्या पोहण्यातल्या नावाजलेल्या सातही सामुद्रधुन्या पुऱ्या केल्या, असं करणारे आशियातले पहिले, तेव्हा ती शाळेत होती आणि बातमीचं कात्रण वहीत चिकटवलं होतं. त्या सातांतली एक ही, तिच्यासमोर पसरलेली.

रात्री ९.३०

अजून पुरता अंधार नाही. आईचा फोन आला. तिकडे मध्यरात्र उलटून दोन वाजले होते, बाई जागीच होती.

"पोरगी कशी हाय, ताई?"

"चांगली आहे. जेवली. सहा तास झाले नाहीत. मी बाहेर काढलं."

तिकडून थोडा वेळ काहीच आलं नाही.

"तुम्ही काढलंसा न्हवं? मग बरं झालं. गार हुतं का लई?"

"हो. गार होतं."

दाखल्याचा कागद सहीशिवाय तसाच फोल्डरमध्ये ठेवला. वहीत लिहिलं: ५ तास १२ मिनिटं. पाणी १४.२, १४.१. हात ६४ ते ४८. चौथ्या तासाला ळ सैल, वारा पूर्वेचा. तेव्हाच पेल्याचं अंतर कमी करायला हवं होतं, पाऊण तासावर. ही चूक माझी.

पुढचा प्रयत्न दोन आठवड्यांनी. पाणी अंशभर चढेल, तरी नियमात बसेल. तोवर परत चार तास, मग पाच.

उद्या रविवारी ती पाण्यात जाणार नाही. तिला मी किनाऱ्यावर माझ्या शेजारी उभं करणार आहे, पेले द्यायला आणि हात मोजायला. एक आयरिश मुलगा उद्या सहा तासांना उतरतो आहे, त्याच्यावर तिनं लक्ष ठेवायचं.

"त्याला काय म्हणायला लावू?" तिनं अंधारातून विचारलं. "त्याला ळ कुठं येतंय."

"सकाळी त्यालाच विचार, त्याच्या भाषेत सगळ्यात अवघड काय आहे ते."

ती काहीतरी पुटपुटली. थोड्या वेळानं पांघरूण ओढल्याचा आवाज आला, वर्षभरात पहिल्यांदा.